नावांची नावं

डिसेंबरात तार्तू दुपारी साडेतीनलाच दिवे लावून घेतं.
संग्रहालयाच्या तळघरात वाइके लेपमेट्स
बुटांवरचा बर्फ हीटरपाशी वितळू देत
एका बेटाची यादी उलगडत बसली आहे.

यादी कसली, उतरंड.
परगण्याच्या पोटात गावं, गावाच्या पोटात घरं,
घराच्या पोटात होड्या, आणि होडीच्या पोटात
तिचं नाव, वल्ह्यांची संख्या, लाकूड.
तावेत रोसना नावाच्या मास्तरांनी सायकलवर फिरून
युद्धाच्या आदल्या उन्हाळ्यात ही कार्डं भरली.
दोनशे चौदा. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

वाइकेला हवी आहे एक सरळ ओळ.
वसंतात प्रदर्शन, नावं भिंतीवर रंगवायची,
आणि भिंतीला पोट नसतं.

तिनं लिहिलं : अनलिस्ट.
उतरंड कोसळली, एकही मडकं न फुटता.
सगळे एका माळेचे मणी.

चार वल्ह्यांच्या चारला अवतरणचिन्हं लागली;
आता तो नुसता चारसारखा दिसतो,
त्यात दोन मिळवून सहा होत नाहीत.
पाइनचा झाला "1", स्प्रूसचा "2" :
लाकडाचा वास गेला, हजेरीचा आकडा राहिला.
आणि प्रत्येकाला अख्खा पत्ता चिकटलेला,
नोरबी.घर7.होडी2.नाव,
टिंबाटिंबांनी सांधलेला,
गर्दीत हरवू नये म्हणून
लेकराच्या गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीसारखा.

तिनं पत्ते सोलले. वल्ही, लाकूड बाजूला काढलं.
उरली फक्त नावांची नावं :
"लोणी". "मास्तरीण". "बहिरी ब्रिता".
"उधारी". (हे कुणी हौसेनं ठेवलेलं नसणार.)
"लोणी" पुन्हा, दुसऱ्या गावची.

मग सवयीनं लांबी विचारली.
दोनशे अकरा.

कुठे कुरकुर नाही, लाल अक्षर नाही.
तीन मणी गळाले आणि माळ तशीच घट्ट.
यंत्राचंही बरोबर : नल म्हणजे काही नाही,
काही-नाहीला रांगेत जागा कशी द्यायची?
मागचे पुढे सरकतात. फट बुजते.
गणपूर्ती झालीच आहे, असं वाटतं.

वाइके वर गेली, खोके काढले, हातानं मोजलं.
सातला पहिलं कार्ड सापडलं, नऊला तिसरं.

एकावर पाणी सांडलेलं, शाईचा निळा ढग.
एकावर मास्तरांनी लिहिलंय :
'नाव होतं. मुलगा गेल्यावर बापानं खरवडलं.
मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.'
आणि एकावर, अजून फळ्याच ठोकल्या जात असलेल्या
कुठल्याशा होडीच्या कार्डावर :
'पुढच्या आठवड्यात येऊन विचारणे.'
तारीख ऑगस्टच्या शेवटाची.

तीन नाही-पणं, यंत्राला सारखीच.
तिलाही तिघांना एकच शब्द देता आला : एनए.
तो नलचा भाऊ वाटतो, पण नाही.
एनए म्हणजे पान मांडलंय, पाटावर कुणी नाही.
पान मोजलं जातं.

पुन्हा ओळ. दोनशे चौदा.
एवढ्या अवतरणांच्या गर्दीत ते तीनच
उघडे, चिन्हांशिवाय, कुणाचं बोलणं नसल्यासारखे.

सकाळी रंगारी रीहोचा फोन.
'यादी मिळाली. हे एनए एनए काय आहे? रंगवू?'
'नको. जागा सोड.'
'सोडतो. किती?'

वाइके थांबते.
पलीकडे रीहो ब्रश झटकतोय, ऐकू येतं.
मग ती खोका पुढ्यात ओढते
आणि मास्तरांनी 'नाव' या शब्दापुढे
कोरी ठेवलेली रेघ
फूटपट्टीनं मोजायला घेते.

'पहिली साडेचार सेंटिमीटर,' ती म्हणते.
'थांब. दुसरी बघते.'